नव्या घरात गेल्यावर

उद्यावर इतका जीव असलेला माणूस मुलुंडमध्येच काय, अख्ख्या मुंबईत दुसरा नसेल. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं आणि त्या संध्याकाळपासून काकांनी आपलं जगणंच तात्पुरतं करून टाकलं. गळक्या नळाला चिंधी, खुर्चीच्या मोडक्या पायाखाली वीट. लेकीने दिलेला मिक्सर खोक्यासकट माळ्यावर, त्याच्या शेजारी चिनीमातीचा टी-सेट. आम्हाला चहा कान तुटलेल्या कपातून. काकू कुरकुरल्या की उत्तर ठरलेलं, "नव्या घरात गेल्यावर काढू." पंख्याचा वेग कमी होत नसे आणि डासांमुळे तो बंदही करता येत नसे, म्हणून थंडीत काका घरात कानटोपी घालून बसत. आम्ही पोट धरून हसायचो.

मग गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवता वाजवता ते धापा टाकत खाली बसले. तपासणीत निघालं की हृदयाचे ठोके अनियमित पडताहेत. मी सोबत होतो. मांडीतून नळी घालून हृदयातला बिघडलेला भाग जाळता येतो, असं डॉक्टरांनी समजावलं. लवकर केलं तर दुखणं उलटायची भीती कमी. उशीर होत गेला की हृदयाला तीच चाल अंगवळणी पडते. काकांनी मान डोलावली. आमच्या जिन्यात मात्र थांबून म्हणाले, "ऑपरेशन करून हे तीन मजले कोण चढणार रे? नव्या घरात लिफ्ट आहे ना." जिना खरा होता आणि लिफ्ट निदान नकाशात होती. काकू चिडल्या, रडल्या. काका गोळ्या घेत राहिले.

बिल्डर बदलला, काम रखडलं, आम्ही सगळे भाड्याच्या घरांत विखुरलो. मिक्सरची वॉरंटी खोक्यातच संपली. अखेर यंदा लिफ्टवाल्या घरात आल्यावर काकांनी शब्द पाळला, ऑपरेशन करून घेतलं. काही महिने ठोके सुरळीत पडले. मग परत तेच. हृदयाचा कप्पा एव्हाना ताणला गेलाय, डॉक्टर म्हणाले; पुन्हा करून पाहू, पण खात्री देत नाही.

परवा भेटायला गेलो. नव्या सोफ्यावरचं प्लास्टिक तसंच होतं. हे कधी काढणार, असं मी चिडवलं, तर नेहमीचं उत्तर आलं नाही. सोमवारी दुसरं ऑपरेशन आहे आणि या वेळी तारीख त्यांनी स्वतःच लवकरची मागून घेतली, एवढंच सांगितलं. मग काकूंना म्हणाले, टी-सेट काढ. मला खरंच भीती वाटत होती. काकांनी आपला कप खिडकीतल्या उजेडात धरून नीट न्याहाळला.

"छान आहेत गं," ते म्हणाले, "आधीच काढायला हवे होते."

काकूंनी काकांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला.