झरीकडच्या लांब रोट्या आणि माझे हात

फुल बाह्यांचे ब्लाऊज घरी ठेवून निघायचं, हे मी दारव्ह्याहून बस धरण्याआधीच ठरवलं होतं. सहा वर्षांपूर्वी माझ्या हातांवर कोड उमटलं, बोटांपासून कोपरापर्यंत. एका पंगतीत शेजारच्या नंदानं माझ्या हातातलं भांडं घेतलं. "तू राहू दे बाई, आम्ही वाढतो." तेव्हापासून हात झाकले. घरात मात्र यांच्यासाठी लांब रोट्या करायची. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि तेही थांबलं.

आता झरी जामणीकडच्या खेड्यात माझी मावसबहीण सुमन हिच्या नव्या घराचं जेवण होतं. यवतमाळ, मग पांढरकवड्यापर्यंत एसटी. बायांना अर्धं तिकीट. पुढे जीप, माणशी पन्नास रुपये. भरल्याशिवाय हलत नाही, पाणी जवळ ठेवा. आधी दोन्हीकडे कापूस, मग साग. शेजारच्या बाईची नजर माझ्या हातांवर थांबली आणि मी ऊन लागतं म्हणून शाल ओढून घेतली. ठरवलेलं एक दिवसही टिकलं नाही, याचाच राग आला.

सुमनच्या परसात चुलींवर दोन माठ उपडे घातले होते. रोट्या करायला गावातली गंगूबाई एकटीच होती, जोडीदारीण आलीच नव्हती.

"अक्का, तुले येते ना? बस माठापाशी," सुमन म्हणाली.

शालीसकट बसले. ही रोटी लाटत नाहीत. सैल, चिवट कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि तापल्या माठावर टाकायची. माझी पहिली रोटी शालीला चिकटून फाटली.

"काहून वो, शालीले जेवू घालून राह्यली काय?" गंगूबाई ओरडली.

मी शाल काढली. तिनं माझे हात नीट पाहिले, मग आपले पुढे केले. माठाच्या चटक्यांनी ठिपकेच ठिपके.

"घे, आपण दोघीबी चितळं! आता हात चालव, मानसं पंगतीले बसली."

पंगतीतल्या दोघींनी माझ्या माठावरची रोटी नको म्हटलं. मी ऐकलं आणि पुढची टाकली. दहाव्या रोटीला हातांना जुनं वळण आठवलं. ताणलेल्या पातळ कणकेतून चुलीच्या उजेडात डाग दिसत होते, वाळूवर पाणी ओसरल्यावर उरतात तशा वळणदार कडांचे. पहिल्यांदाच ते मी नुसते पाहिले. बरे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी परतले. शेवटची जीप चारच्या सुमारास निघते. शाल सुमनकडेच ठेवली.

लांब रोटी एकट्या माणसाची नसते, म्हणून हे गेल्यावर केली नव्हती. काल अंगणात माठ उपडा घातला. अर्धी खाल्ली. त्यांची आठवण आली, ती येणारच. उरलेली अर्धी घेऊन नंदाच्या दारात गेले, बाह्या कोपराच्या वर.

तिनं रोटीकडे पाहिलं, मग हातांकडे. "ठेव तिथं," म्हणाली.

मी ठेवली नाही. हात पुढे धरून उभी राहिले, तिनं घेईपर्यंत.