कापसाच्या मीटरवरचं राव

रविकांतनं उभ्या जन्मात कुणाला हुकूम केला असेल, यावर इचोड्यात कोणी विश्वास ठेवणार नाही. हॉटेलात चहा मागतानाही तो "जमलं तर" म्हणतो. पण पंपाच्या स्टार्टरचे बोर्ड दुरुस्त करायच्या आपल्या दुकानात लॅपटॉपसमोर बसला, की हा गृहस्थ चक्क हुकूम सोडतो आणि तो पाळलाही जातो. नखाएवढी चिप, तिच्यात फ्लॅश मेमरी, आणि त्या मेमरीच्या दारावर कंट्रोलर नावाचा पहारेकरी. ठरलेली खूण पटवून हुकूम दिला तरच तो ऐकतो, नाहीतर ढुंकून बघत नाही. ऐकलं तरी त्याचं काम उरकेपर्यंत आपण मुकाट थांबायचं. हे मुकाट थांबणं रविकांत घरीच शिकला होता, वडिलांच्या हाताखाली.

वडील म्हणजे नार्नूरकडचे सुधाकरराव. कापूस पिकवणारे. त्यांचे आजोबा निजामाच्या काळी गावचा सारा गोळा करणारे माली पटेल. पटेलकी केव्हाच गेली, 'राव' तेवढं उरलं, आणि ते त्यांनी जिवापाड जपलं. पत्रिकेत राव छापायचं राहिलं म्हणून ते मेहुण्याच्या घरच्या लग्नात जेवले नव्हते. मुलाच्या दुकानाबद्दल मात्र एवढंच सांगत, "बसून राह्यते दिवसभर."

रविकांतनं कापसातली ओल मोजायचं मीटर बनवलं, ते बाबांनी एकदा तरी 'पोरगा काम करते' म्हणावं म्हणून. सुरू केलं की पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'सुधाकर' उमटायचं. बाबांनी चष्मा पुसून वाचलं.

"राव काऊन नाई?"

"टाकतो, बाबा."

"आत्ताच टाक. उद्या खरेदी केंद्रावर लोकाईसमोर काढतो मी."

या मेमरीत दोन अक्षरं वाढवायची तरी अख्खं पान पुसून नव्यानं लिहावं लागतं. पुसण्याआधी त्यावरचं सगळं उतरवून घ्यायचं, हे रविकांत झोपेतही सांगेल. पण बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले होते आणि "झालं का?" विचारत होते. त्यानं काही उतरवून न घेताच खूण दिली, पुसायचा हुकूम सोडला, पूर्ण नाव लिहिलं. ओल बरोबर दिसावी म्हणून मीटर जुळवून ठेवलेले आकडे त्याच पानावर होते, ते पुसले गेले.

दुसऱ्या दिवशी सुधाकररावांनी गाडीतल्या कापसात मीटर खुपसलं. 'सुधाकरराव' झळकलं. खाली ओल आली शून्य. कापूस तर दवानं हाताला गार लागत होता.

"सुधाकरराव, तुमचा कापूस तं पापडावानी वाळला," शेजारचे मोतीराम म्हणाले. हशा पिकला.

रविकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो बाबांच्या कानाशी पुटपुटला, "राव टाकता टाकता आकडे पुसल्या गेले."

सुधाकररावांनी मीटर बंद केलं. मग मोतीरामांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराचं काम बराबर होतं. मीच मधात पडलो." आणि रविकांतला म्हणाले, "राव काढ."

रविकांतनं राव काढलं आणि मीटर नव्यानं जुळवून आकडे पुन्हा बसवले. आता राव आणि आकडे दोन्ही ठेवता येतील, हेही समजावलं.

"राहू दे," बाबा म्हणाले. "त्या पानाले हात लावू नोको."

हंगामभर मीटर 'सुधाकर' असंच म्हणत राहिलं. परवा मोतीरामांनी तेवढ्यावर धीर करून नुसतं "सुधाकर" म्हणून पाहिलं.

"ते माह्या पोरानं बनवलं हाये," सुधाकरराव म्हणाले. "त्याले चालते. तुले नाई."