आत्याच्या घरचा न फुटणारा चहा

पेणच्या खारेपाटात माझ्या आत्याच्या घरामागून एक जाडजूड जलवाहिनी जाते. खाडीलगत, भरतीने खारं होणारं नदीचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प आहे. तिथलं पाणी या वाहिनीतून शहराला जातं. उद्घाटनाच्या दिवशी मांडवासमोर त्याच पाण्याचं कारंजं उडत होतं, रंगीत दिव्यांसकट. आत्या कळशी घेऊन गेली. फाटकावरचा पहारेकरी गावातलाच होता.

"आत्ये, ह्या पानी शेरासाठी हाय. आपला दुसऱ्या टप्प्यात."

"मंग ह्या उडतंय ता कंच्या टप्प्यातला रं?"

तो हसला, कळशी रिकामी परत आली. दुसरा टप्पा आपल्याकडे स्वर्गासारखा असतो. विश्वास सगळ्यांचा, पाहून आलेलं कोणी नाही.

त्याच सुमारास तिच्या पायांवर सूज चढली. मूत्रपिंडं थकलीत, मीठ बंद करा, असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं. मिठागरात जन्म काढलेल्या बाईने तेही केलं. आमटी अळणी, भाजी अळणी. सूज मात्र उतरेना, कारण विहिरीचं पाणीच खारट.

रोह्याला माझ्या नळाला गोडं पाणी येतं. दर रविवारी मी कॅन भरून गाडीत बसू लागलो. शेजारचा प्रवासी विचारायचा, "दूध काय?" पाणी म्हटलं की माझ्याकडे जरा काळजीने बघायचा.

गेलो की आत्या त्या पाण्याचा चहा करायची, आणि तो फुटायचा नाही. खारेपाटात हे अप्रूप. तिथल्या पाण्यात दूध पडलं की गाठी होतात. एकदा मधल्याच वारी न कळवता गेलो. ओटीवर शेजारणी कपबशा घेऊन बसलेल्या.

"काय गो चा झालाय! शेरातल्यासारखा."

"उद्या पन ये गो, कॅन हाय तवर," आत्या म्हणाली, आणि स्वतः तांब्यातून विहिरीचं पाणी प्यायली.

त्या गेल्यावर मी चिडलो. "आत्या, ते पाणी तुझं औषध आहे."

"जल्मभर लोकांना फुटका चा पाजला, बाला. आता बरा हाय, तं लपवून पिऊ?"

पाणीप्रश्नावर मी पुष्कळ वाचलं आहे. पुढच्या रविवारी दोन कॅन नेले. ओटीवर बायका वाढल्या.

आत्या गेली तोही रविवार होता. फोन आला तेव्हा गाडी वाटेतल्या निडी स्टेशनात थांबली होती. कॅन पायाशी होता.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून चहा शेजारच्या घरून आला. वर पांढऱ्या गाठी तरंगत होत्या. कॅन उंबऱ्याशी भरलेलाच होता. त्याचं बूच कोणी उघडलं नाही, मीही नाही.

"घे बाला, गरम हाय तवर," शेजारीण म्हणाली.

सगळे तो गाठींसकट प्यायले. मीही.