न भरलेला एक फॉर्म

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना तर नाहीच. त्यांना मराठी धड वाचता येत नाही, म्हणून तर लिहायची हिंमत झाली. तुम्हाला आपलं माणूस धरून सांगते.

तसं माझं छान चाललंय. अंबरपेठेत दोन खोल्यांचं घर, पेन्शन वेळेवर, गुडघे अजून ऐकतात. आणि समोरच्या दारात शाहीन आपा. माझ्या बाळंतपणात सासूपेक्षा जास्त त्यांनी केलं — हौ, खोटं कशाला बोलू?

मी सिकंदराबादला बँकेत होते. परदेशातून पैसे येताना आधी तिकडच्या बँकेचा संदेश येतो — कुणी पाठवले, कुणाला, कशासाठी. त्यातली नावं कॉम्प्युटर एका यादीशी ताडून बघतो. ज्यांच्याशी व्यवहार बंद, अशांची यादी. नाव जुळलं की संदेश अडकला. मग पासपोर्ट, जन्मतारीख बघून ‘हा तो माणूस नव्हे’ असं लिहून तो सोडायचा, हे माझं काम.

आपांचा मुलगा रहमान आखातात, दम्मामला, एसी दुरुस्त करतो. त्याचं नाव यादीतल्या कुणाशी तरी जुळायचं. दर महिन्याला तीन-चार दिवस अडकायचं. आपा परेशान होऊन यायच्या, मी ‘बघते’ म्हणायचे, दुसऱ्या दिवशी पैसे सुटायचे. संध्याकाळी डबा — खुबानीका मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, वर मलई! ‘मंगल है तो काम हो जाता,’ असं माझं नाव घेऊन गल्लीभर सांगायच्या. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

आता सांगतेच — एक फॉर्म होता. एका पानाचा. तो भरून साहेबांची सही घेतली की त्या माणसाचं नाव पुन्हा अडकत नसे. दहा मिनिटांचं काम. अनोळखी लोकांचे मी कितीतरी भरले. रहमानचा भरला नाही. पहिल्या महिन्यात विसरले म्हणा. पण नंतर? फॉर्म भरला असता तर आपा माझ्या दारात कशाला आल्या असत्या?

आणि नावावरून अडवणं मला ठाऊक नव्हतं का? माझे वडील नांदेडहून इथं आले, तेव्हा खोली दाखवायच्या आधी लोक आडनाव विचारायचे. वडील हे आम्हाला कितीदा सांगायचे. मी त्यांचीच पोरगी ना?

मग आपांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशन लगेच करायला हवं होतं. रहमाननं त्याच दिवशी पैसे पाठवले — आणि ते अडकले. मी भाच्याच्या लग्नाला गावी. आपांचा फोन आला तेव्हा हळदीच्या गडबडीत होते. ऑफिसात फोन केला, विनवलं, तरी तिसरा दिवस उजाडला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी यायला हवं होतं. डोळा वाचला, पण कडेचं दिसत नाही.

तेव्हा तरी भरायचा! पण साहेब विचारतील, इतकी वर्षं का नाही? मी घाबरले. नाहीच भरला.

पुढं बँकेत संदेशांची नवी पद्धत आली. जन्मतारीख, पत्ता, सगळं आपापल्या रकान्यात येऊ लागलं आणि रहमानचं नाव अडकायचं आपोआप थांबलं. पैसे त्याच दिवशी. आपांना वाटलं मीच केलं. डबा दुप्पट मोठा आला. मी नाही म्हटलं नाही.

काल संध्याकाळी आल्या होत्या. माझी नवी सून पहिल्यांदाच भेटत होती. तिला जवळ बसवून म्हणाल्या, ‘मेरी आँख मंगल बचाई.’ बोलता बोलता डावीकडं डबा ठेवायला गेल्या, टेबलाची कड त्यांना दिसली नाही. मी हात पुढं करून डबा धरला. सून म्हणाली, आई, किती लक्ष असतं तुमचं त्यांच्याकडं.

मी वाट्या आणल्या. मीठा छान झाला होता. मी दोनदा घेतला.