एक दिवसाआडचं पाणी

रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत. अल्मास आत झोपली आहे, किंवा झोपल्यासारखं दाखवते आहे. एक डिसेंबर लागला आहे. पहाटे पाचला गावातल्या सहाशे फोनवर पाण्याचा मेसेज गेला, तर माझी मुलगी पुण्याला फुफीकडे, तिच्या आत्याकडे, निघून जाईल. मेसेज जायला नको आहे. जे घडू नये त्याची वाट बघत बसणं फार वाईट.

सोनईपासून चार किलोमीटरवरच्या आमच्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं. टाकीवरचे कानिफनाथ सकाळी सहाला सोडतात आणि तासाभराने बंद करतात. पूर्वी ते पहाटे भोंग्यावरून सांगायचे, पण आवाज वस्तीवर पोचत नसे. अल्मास नगरला कॉम्प्युटर शिकली. घरी बसून दोन-तीन दुकानांच्या आणि ग्रामपंचायतीच्या वेबसाइट सांभाळते. पाण्याचा मेसेज आपोआप पाठवू, असं सरपंच काकासाहेबांना तिनेच सुचवलं.

ती ते काम करत होती तेव्हा मी शेजारी भाजी निवडत होते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, माऊसला हात नाही. सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी शहरात रात्रंदिवस चालू असलेला कॉम्प्युटर. त्याला घरातून हुकूम लिहून द्यायचा. एका ओळीत पाच खाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. जिथे अट नाही तिथे चांदणी. त्यापुढे काय काम करायचं ते. वेळ पहाटे पाचची, आणि तारखेच्या खान्यात चांदणी, तिरपी रेघ, दोन. म्हणजे एक तारीख सोडून एक. या यादीला क्रॉनटॅब म्हणतात. एकदा लिहिलं की विसरून जायचं, असं ती म्हणाली. मी गॅसचं बटण दोनदा बघणारी बाई. विसरून जायच्या गोष्टींचीच मला धास्ती असते.

ऑक्टोबरभर काही चुकलं नाही. एक, तीन, पाच करत एकतीस तारखेपर्यंत मेसेज बरोबर आले. कापूस वेचायला जायचं की घरी थांबायचं, हे बायका फोन बघून ठरवू लागल्या. पोरं अल्मासला पाणीवाली म्हणून चिडवायची. ती चिडायची नाही. उलट जरा ऐटीत चालायची.

मग एक नोव्हेंबर आला. आदल्याच दिवशी पाणी येऊन गेलेलं, तरी पाचला मेसेज आला, आज पाणी येणार. मागच्या गल्लीतल्या छबूबाई मजुरी बुडवून थांबल्या. नळ कोरडा. दुसऱ्या दिवशी मेसेज नाही म्हणून त्या वेचणीला गेल्या, आणि पाणी येऊन गेलं. घरी सून आठ दिवसांची बाळंतीण. तिने उठून हंडे कसे भरायचे? संध्याकाळी छबूबाई कडेवर रिकामा हंडा घेऊन आमच्या दारात आल्या. आवाज चढवला नाही.

"अल्मास, बाळाला न्हाऊ घालायचंय गं. पानी कुटून आनू?"

आमच्या पिंपातलं पाणी अल्मासने त्यांच्या घरी नेऊन दिलं. तीन खेपा केल्या. जेवली मात्र नाही.

सकाळी ती मला घेऊन टाकीवर गेली. कानिफनाथांच्या खोलीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या. पाणी सोडलं त्या दिवशी उभी रेघ, नाही सोडलं त्या दिवशी आडवी. एकाआड एक, ओळीच्या ओळी. तारीख कुठेच नव्हती. अल्मासने विचारलं, तर ते हसले.

"तारखेचं मला काय? काल सोडलं, म्हंजी आज न्हाई. माज्या भिंतीवर म्हैना बदलत न्हाई, पोरी."

अल्मास भिंतीकडे बघतच राहिली. सर्व्हरने तिचा शब्द तंतोतंत पाळला होता. महिना संपला की त्याची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते, म्हणून एकतीसनंतर लगेच एक तारखेला त्याने मेसेज धाडला. भिंत मात्र पुढेच चालत राहिली.

तिने ती ओळ बदलली. आता काम रोज पाचला जागं होतं. पाणी आलेल्या एका ठरावीक दिवसापासून किती दिवस झाले ते मोजतं. आकडा सम असेल तर मेसेज पाठवतं, नसेल तर सर्व्हरवरच्याच एका वहीत तशी ओळ लिहून गप्प बसतं. नोव्हेंबरभर बरोबर चाललं. पण ग्रामपंचायतीत काकासाहेब म्हणाले होते की कानिफनाथ इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही; म्हैना बदलताना बघू, नाहीतर आपला भोंगा आहेच. सगळे हसले म्हणे. घरी येऊन अल्मासने एवढंच सांगितलं, की पुन्हा चुकलं तर ती इथे राहणार नाही. तिच्या अब्बांना हे लहान मुलाचं रुसणं वाटलं. मला नाही वाटलं. तिची बॅग मी कपाटावरून खाली आलेली पाहिली आहे.

काल तीस तारीख होती. काल पाणी आलं, म्हणजे आज नाही.

चार वाजले. मी फोन चार्जिंगवरून काढून मांडीवर घेतला आहे.

पाच वाजून दोन मिनिटं. फोन गप्प. पण सर्व्हरच बंद पडला असेल तर तोही गप्पच राहील. हे मनात येतं न येतं तोच अल्मास बाहेर आली. डोळ्यांवर झोपेचा मागमूस नव्हता. लॅपटॉप उघडून तिने तो माझ्याकडे वळवला आणि सर्व्हरच्या वहीतली शेवटची ओळ दाखवली. एक डिसेंबर, पाच वाजता, आज पाणी नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून छबूबाईंचा आवाज आला. डोक्याला फडकं, हातात भाकरीचं गाठोडं. त्यांनी मला विचारलं, तिला नाही.

"भाभी, मेसेज न्हाई आला. खरंच न्हाई ना पानी?"

उत्तर अल्मासने दिलं. "नाही, मावशी. वेचणीला जा तुम्ही. उद्या थांबा."

छबूबाई क्षणभर टाकीच्या दिशेने बघत राहिल्या. "उद्या न्हाई आलं तर तुज्याच दारात येऊन बसते बघ," म्हणाल्या आणि निघाल्या.

सहाला अल्मासने अंगणातला नळ उघडला आणि खाली हात धरला. मिनिटभर तशीच उभी राहिली. एक थेंब नाही. तिने नळ घट्ट फिरवून बंद केला आणि चहा ठेव म्हणाली.