इतवाऱ्याचे पाणबुडे डॉक्टर

बऱ्हाणपुरात इतवारा पेठेत डॉक्टर शालिग्राम यांचा दवाखाना जोरात चालायचा. सकाळी तापीत मनसोक्त पोहून ते ओल्या केसांनीच पेशंट तपासायला बसत. चाळिशी आली तरी समुद्र मात्र त्यांनी पाहिला नव्हता.

सौराष्ट्रातली संस्थानं एक होऊन नुकतंच नवं राज्य झालं होतं. तिथल्या एका लहानशा बंदराच्या तोंडाशी जुन्या दरबाराची आगबोट बुडून पडली होती. ती तोडून वाट मोकळी करायची होती. कामावरचा इंजिनिअर सुधाकर डॉक्टरांचा कॉलेजातला दोस्त. त्यानं बोलावणं धाडलं, "पाणबुडे आजारी पडताहेत. महिनाभर ये."

पाणबुडे वर आले की सांधे धरून कण्हत. खोलातून झटकन वर आलं की रक्तात बुडबुडे धरतात, हे डॉक्टर वाचून होते. "थांबत थांबत वर या," त्यांनी बजावलं.

पाणबुड्यांचा म्होरक्या वालजी हसला. "त्या गारठ्यात थांबायचं म्हणजे काय, कधी उतरून पाहिलंय, डॉक्टरसाहेब?"

"नाही. आज पाहतो."

तांब्याचा टोप आणि शिशाचे बूट चढवून डॉक्टर उतरले. थांबत थांबत वर आले, ते कुडकुडत आणि हसत. "अरे, बोटीच्या चिमणीत मासे राहतात!" त्या दिवसापासून पाणबुडे त्यांचं ऐकू लागले. डॉक्टरांना मात्र जमिनीवर करमेना. महिना उलटला, दिवाळीही गेली. रोज तपासणी उरकली की स्वारी पाण्यात.

शेवटी त्यांची बायको कोकिळाबाई ट्रंक घेऊन बंदरावर हजर झाल्या. "जसोंडी गावचा तुमचा जुना पेशंट लोटू रोज बंद दवाखान्यासमोर येऊन बसतो. त्याला काय सांगू? डॉक्टर मासे तपासायला गेलेत?"

"दोन दिवस थांब. नुसती माझी दोरी धरून बघ."

रागारागातच त्यांनी दोरी धरली. एक हिसका म्हणजे ठीक, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे वर घे. दोन दिवसांचे दोन महिने झाले.

एके दुपारी बाईंनी हिसका दिला, पण उत्तर आलं नाही. दोरी काठीसारखी ताठ झाली होती. "ओढा, ओढा!" सगळे ओरडले.

"हात लावू नका!" बाईंनी सगळ्यांना अडवलं. "अडकलेत ते. ओढलं तर हवेची नळी तुटेल." त्यांनी दोरी हळूहळू सैल सोडली आणि वाट पाहिली. हवेच्या पंपावरच्या माणसांखेरीज कुणी हललं नाही. अखेर खालून तीन हिसके आले. सगळे घाई करत होते तरी बाईंनी डॉक्टरांना ठरल्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानंच वर घेतलं.

टोप काढल्यावर डॉक्टर म्हणाले, "पत्र्यात दोरी गुंतली होती. तू ओढली असतीस तर..."

"पुरे. उद्या मी उतरणार."

"तू? अगं, तुला तापीत गुडघाभर पाण्यात भीती वाटते!"

"वाटू दे. माणूस घरदार विसरतो, असं आहे तरी काय खाली?"

दुसऱ्या दिवशी दोरी डॉक्टरांच्या हातात होती आणि घाम त्यांच्या कपाळावर. वर घ्यायची वेळ झाली, त्यांनी हिसका दिला. खालून दोन हिसके आले. ढील दे! बाईंना अजून पुढे जायचं होतं.