टोमॅटोची अलाबला

लिंबाच्या झाडाचा रोग बुरशीलाही होतो का, असं मी विचारलं आणि आमच्या प्रोफेसरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सत्तरच्या दशकाची अखेर असेल. इस्रायलमध्ये आम्ही राहायचो त्या किर्यात गातहून बसने तासाभरावर झाडांच्या रोगांची एक प्रयोगशाळा होती, तिथे मी मदतनीस होते. नोकरी हंगामी आणि तोंड मात्र कायमचं सुटलेलं.

हा रोग करणारी चीज विषाणूहूनही धाकटी. आरएनएचा नुसता धागा, अंगावर कवचसुद्धा नाही. आजारी झाडाला लावलेला हात निरोग्याला लावला तरी ती पसरायची, म्हणून दर वेळी आम्ही हात आणि सुरी ब्लीचच्या पाण्यात बुडवायचो. इतकी फिरस्ती बया बुरशीतही शिरत नसेल कशावरून? मी प्रोफेसरांचं डोकं खाल्लं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "कर एक प्रयोग. तुझं काम भरवशाचं निघालं, तर पुढच्या पदवीसाठी तुझं नाव मी घालतो."

मुंबईहून आणलेली माझी बी.एस्सी. तोवर पेटीच्या तळाशी पडून होती. त्या दिवशी बसमध्ये मी आनंदाने चक्क रडले.

आजारी झाडाच्या रसात बुरशी वाढवली, बाहेरून चिकटलेला रस जावा म्हणून ती पुनःपुन्हा स्वच्छ बशीत नेली आणि मग तिचा रस टोमॅटोच्या रोपांना चोळला. टोमॅटो या रोगाला लगेच बळी पडतो, पानं मुरडतात आणि रोप खुजं राहतं. काचघरात तीन रांगा लावल्या. पहिलीला थेट रोगी रस, मधलीला बुरशीचा, तिसरीला नुसतं पाणी. माझं सगळं नशीब मधल्या रांगेत होतं.

पहिली रांग ठरल्याप्रमाणे आजारी पडली. त्याच सुमारास एका शुक्रवारी आई मला न्यायला आली, शब्बाथच्या सुट्टीसाठी मावशीकडे जायचं होतं. तिला काचघरात बसवून मी बशा धुवायला गेले.

पुढे काही आठवड्यांनी मधल्या रांगेची पानं मुरडली. मी प्रोफेसरांना जवळजवळ ओढतच आणलं. ते बराच वेळ वाकून एकेक पान बघत राहिले, यातच मला सगळं मिळालं. चार दिवस मी हवेत होते. मग पाण्याची रांगही मुरडली.

"कुणीतरी हात धुतले नाहीत," प्रोफेसर म्हणाले. कुणीतरी म्हणजे मीच, दुसरं कोण होतं तिथे? पदवी बुडाली असं मी धरून चालले आणि घरी येऊन ताटावर राग काढला.

"काय गो, जेवत का नाय?" आईने विचारलं.

"माझी सगळी रोपं आजारी पडली."

"अशी कशी पडतील? मी तर सगळ्यांची अलाबला घेतली होती!"

माझा घास हातातच राहिला. "कधी?"

"त्या शुक्रवारी. ती पैली रांग कशी तोंडं पाडून उभी होती, बिचारी. आधी त्यांच्यावरून हात फिरवला, मग बाकीच्यांवरून. एकालाही वगळलं नाय हो!"

हसावं की रडावं कळेना. आमच्या घरात कुणी परीक्षेला निघालं, कुणी आजारातून उठलं, की आई डोक्यावरून गालापर्यंत दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडणार. मला ती अजून लेकरू मानत होती, तर माझ्या रोपांना कशी सोडेल?

दुसऱ्या दिवशी प्रोफेसरांना अलाबला हिब्रूत समजावता येईना, म्हणून मी त्यांच्याच टकलावरून हात फिरवले आणि माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. ते आधी दचकले, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हसून झाल्यावर म्हणाले, "पुन्हा कर. दाराला कुलूप लाव."

पुन्हा केलं. या खेपेला पहिली रांग मुरडली, पाण्याची टवटवीत राहिली, आणि मधली? तीही हिरवीगार. मी रोज पानं उलटसुलट करून बघत होते, एक तरी मुरडलेलं सापडावं म्हणून. आई काचेबाहेर उभी राहून खूश होत होती, "बघ, बरी झाली की नाय!" त्या क्षणी तिचा भयंकर राग आला.

प्रोफेसरांनी मात्र तिन्ही रांगा शांतपणे पाहिल्या. "या बुरशीत रोग शिरला नाही, आणि या उत्तरावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "आता बाकीच्या बुरशा कोण तपासणार? मदतनिसाचं काम नाही ते. विद्यार्थिनीचं आहे."

मी धावत बाहेर आले आणि आईला सांगितलं. तिने दोन्ही हात उचलले, ते माझ्या डोक्यापर्यंत आले आणि थबकले. "थांब हां," म्हणून ती नळापाशी गेली, साबण लावून कोपरापर्यंत हात खसाखसा धुतले, पदराला पुसले आणि मगच माझी अलाबला घेतली.